शिफ्ट बदलताना रोजची भांडणं: व्हाय-व्हाय, फिशबोन माणसांच्या भांडणाला लावता येतं का?

शॉपफ्लोअर_चाकण (प्रश्न)

नमस्कार मंडळी. चाकण भागात ऑटो पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मशीन शॉपला शिफ्ट इंजिनिअर आहे. सीएनसी टर्निंग आणि व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या लेथ आणि मिलिंग मशीन), तीन शिफ्ट. प्रॉब्लेम असा आहे की फर्स्ट आणि सेकंड शिफ्टचं एकमेकांशी अजिबात पटत नाही आणि दोन्ही शिफ्ट मिळून क्वालिटीवाल्यांवर खार खाऊन आहेत.

परवाचंच सांगतो. सेकंड शिफ्टच्या पोराने मशीन सुरू केलं, पहिलाच पीस बोअरला (आतल्या भोकाच्या मापाला) मोठा निघाला, रिजेक्ट. तो पीस हातात घेऊन हा गडी थेट गेटवर, तिथे फर्स्ट शिफ्टची बस सुटायच्या बेतात, आणि खिडकीतून आतल्या ऑपरेटरला "बघ काय ठेवून गेलास" म्हणून सगळ्यांसमोर शिव्या. आतला पण खाली उतरायला निघाला, सिक्युरिटीने मध्ये पडून मिटवलं. दोघंही कामाला चांगले आहेत हो, एकालाही वाईट म्हणता येणार नाही.

एचआरने आतापर्यंत समज देऊन झाली, लोणावळ्याला आउटिंग झालं, "आपण एक कुटुंब आहोत" टाइप ट्रेनिंग झालं. जास्त भांडणाऱ्या काही जणांच्या शिफ्ट पण बदलल्या. थोडे दिवस शांत आणि मग त्याच मशीनवर नवीन दोघांचं सुरू.

कस्टमर कंप्लेंट आली की आपण ८डी (तक्रार सोडवायचा आठ टप्प्यांचा फॉर्म) भरतो, व्हाय-व्हाय (परत परत 'का' विचारत मुळापर्यंत जाणं) करतो, फिशबोन (माशाच्या सांगाड्यासारखी आकृती, मशीन, माणूस अशा एकेका हाडावर कारणं) काढतो, मग भांडणाचं मूळ शोधायला हेच का वापरू नये असं डोक्यात आलंय. मॅनेजर म्हणतात हा अॅटिट्यूडचा प्रश्न आहे, त्याला टूल लागत नाही. कोणी प्रत्यक्षात केलंय का? आणि करताना ती चौकशी वाटू नये म्हणून काय करायचं? कारण पोरांना एकदा वाटलं की साहेब कोणाचं तरी नाव शोधतोय, तर तोंड उघडणार नाहीत.

---

गेजवाला

दादा, तुमच्या पोस्टमध्येच अर्धं उत्तर आहे. माणसं बदलली आणि भांडण तिथंच राहिलं, म्हणजे ते माणसांत नव्हतंच, त्या मशीनपाशी आणि त्या वेळेत होतं. एवढं एक वाक्य मॅनेजरना कागदावर लिहून दाखवा. क्वालिटीचे जाणकार डेमिंगसाहेब, त्यांचा अंदाज होता की ९४ टक्के अडचणी सिस्टीमच्या असतात आणि सिस्टीम ही मॅनेजमेंटची जबाबदारी, विशेष (एखाद्या प्रसंगापुरत्या) कारणांच्या फक्त ६ टक्के. हा त्यांच्या अनुभवातला अंदाज आहे, कोणी मोजलेला आकडा नाही, त्यामुळे मीटिंगमध्ये आकड्यावरून वाद घालू नका, पण दिशा बरोबर आहे.

लगेच फिशबोन काढायला बसू नका, आधी नोंद ठेवा. साधी वही. प्रत्येक खटक्याची तारीख, वेळ, मशीन नंबर, त्या क्षणी काय अडलं होतं (पीस, गेज, क्रेट, अप्रूव्हल, जे असेल ते) आणि त्यानंतर किती वेळ मशीन उभं राहिलं. नावं अजिबात लिहायची नाहीत. आणि "वाद" म्हणजे काय ते आधी ठरवा, नाहीतर एकजण चिडून बोललेलं धरेल आणि दुसरा फक्त हमरीतुमरी धरेल. आम्ही असं ठरवलं होतं की आवाज चढला, काम थांबलं किंवा तिसऱ्याला बोलवावं लागलं, यातलं एक जरी झालं तरी नोंद. मग त्याचा पॅरेटो (सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण आधी, असा उतरता तक्ता) काढा. माझा अंदाज आहे की निम्म्याहून जास्त नोंदी शिफ्ट बदलायच्या आसपासच्या निघतील.

आता तुमच्या बोअरच्या किश्श्याचं. मी अगदी अशीच केस दुसऱ्या कंपनीत जवळून पाहिली आहे म्हणून सांगतो, तुमच्याकडे तपासून घ्या. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजत जातो तसं बोअर लहान यायला लागतं. ऑपरेटर काय करतो, ऑफसेट (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती) देतो, अजून थोडे पीस निघतात, परत ऑफसेट देतो. शिफ्ट संपायला अर्धा तास असताना खरं तर इन्सर्ट बदलायला पाहिजे, पण बदलला की फर्स्ट पीस अप्रूव्हल (पहिला पीस क्वालिटीकडून ओके करून घेणं) आलं, त्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि त्याच्या शिफ्टचा आकडा (किती पीस काढले तो) पडतो. म्हणून तो ऑफसेटवर ओढतो. पुढचा येतो, इन्सर्ट संपलेला बघून नवीन लावतो, पण आधीच्याने दिलेलं ऑफसेट मशीनमध्ये तसंच आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. नवीन इन्सर्ट अधिक जुनं ऑफसेट, की बोअर मोठं. पीस लाल बिनमध्ये आणि रिजेक्शन याच्या नावावर!

आता का-का विचारा. भांडण का झालं? रिजेक्शन याच्या नावावर पडलं. पीस मोठा का आला? ऑफसेट शून्यावर आणलं नव्हतं. का नाही? सांगायला कोणी नव्हतं. कोणी का नव्हतं? आधीचा ऑपरेटर बसमध्ये बसला होता. आणि दुसरी फांदी, त्याने इन्सर्ट स्वतःच का नाही बदलला? कारण टूल चेंजचा वेळ त्याच्या आकड्यातून कापला जातो. बघा, दोन फांद्या झाल्या. पाच वेळा का विचारून एकच कारण मिळतं असं धरून चालू नका, भांडणात कायम दोन बाजू असतात म्हणून निदान दोन साखळ्या निघतातच.

टोयोटाच्या ताइइची ओनोंचं ते उदाहरण ट्रेनिंगमध्ये सगळ्यांनी ऐकलंय, मशीन बंद पडलं, फ्यूज उडाला, बेअरिंगला ऑइल कमी, पंप नीट खेचत नाही, शाफ्ट झिजलाय, आणि शेवटी कळतं की गाळणी नसल्यामुळे आत चुरा जातोय. ऑपरेटरची शिफ्ट बदलणं म्हणजे फ्यूज बदलणं आहे. तुमची गाळणी कुठे नाहीये ते शोधा.

---

सातपूर_टूलरूम

वरच्यांशी सहमत, फक्त क्वालिटी विरुद्ध प्रॉडक्शनबद्दल बोलतो कारण ती शिफ्टच्या भांडणापेक्षा वेगळी जात आहे. तिथे दोघांनाही एकमेकांचं म्हणणं पूर्ण माहीत असतं, तरी भांडतात.

गोल्डरॅट नावाचे इस्राएली भौतिकशास्त्रज्ञ होते, थिअरी ऑफ कन्स्ट्रेंट्सवाले, त्यांची एक आकृती आहे, पाचच चौकोन. डावीकडे दोघांचं समान उद्दिष्ट, मध्ये प्रत्येकाची गरज आणि उजवीकडे प्रत्येकाची मागणी. भांडण नेहमी उजवीकडच्या मागण्यांचं असतं. तुमच्याकडे भरून बघा. समान उद्दिष्ट, कस्टमरची लाइन थांबता कामा नये. प्रॉडक्शनची गरज वेळेत डिस्पॅच, म्हणून मागणी "मशीन चालू दे". क्वालिटीची गरज एकही चुकीचा पीस बाहेर जाऊ नये, म्हणून मागणी "रिपोर्ट येईपर्यंत थांब". आता प्रत्येक बाणावर विचारायचं, हे असंच का असलं पाहिजे? थांबायचं का, तर अप्रूव्हल सीएमएमवरच (पीसची सगळी मापं घेणाऱ्या मोठ्या मशीनवर) होतं. सीएमएमवरच का? बोअर तर एअर गेजवर (हवेच्या झोताने भोक मोजणाऱ्या गेजवर) लाइनलाच अर्ध्या मिनिटात कळतं, पोझिशन आणि परपेंडिक्युलॅरिटी तेवढी सीएमएमला लागते. मग बोअर लाइनवर ओके करून मशीन चालू ठेवा, सीएमएम रिपोर्ट येईपर्यंतचे पीस वेगळ्या क्रेटमध्ये होल्ड टॅग लावून ठेवा. हे अर्थात तुमच्या कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कसं तपासायचं त्या ठरलेल्या कागदात) बसवून आणि गरज असेल तर कस्टमरची परवानगी घेऊनच करायचं, परस्पर नाही.

एका सीएमएमवर शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्या मशीनचे पीस एकदम येतात का हे पण बघा. येत असतील तर इन्स्पेक्टर कोणीही असला तरी त्या तासाला तो शिव्या खाणारच.

---

वॉर्ड_सिस्टर

मी कारखान्यातली नाही, हॉस्पिटलमध्ये वॉर्ड इन्चार्ज आहे, पण वाचून राहवलं नाही, आमच्याकडे डिस्चार्जच्या वेळी हुबेहूब हेच व्हायचं. नातेवाईक सिस्टरवर ओरडणार, सिस्टर बिलिंगला फोन करून चिडणार, बिलिंगवाले फार्मसीकडे बोट दाखवणार, फार्मसीवाले परत वॉर्डवर, की तुम्ही औषधं परत कधी पाठवलीत ते बघा. रोज दुपारी बारा ते चार. आणि आमच्या कॉमन रूममध्ये काय चर्चा, तर बिलिंगची अमुक मुलगी उर्मट आहे.

क्वालिटी डिपार्टमेंटच्या एका मॅडमनी काय केलं, एका भिंतीवर लांब कागद चिकटवला, आडवे पट्टे पाडले, डॉक्टर, वॉर्ड, टायपिंग, फार्मसी, बिलिंग, इन्शुरन्स डेस्क असा प्रत्येकाचा एक पट्टा, आणि एका पेशंटचा कागद कुठून कुठे जातो ते प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर वेळेसकट लिहून लावायचं. सगळे एकाच खोलीत. खोलीत आधी खूप ताण होता, पण सगळे एकमेकांकडे न बघता भिंतीकडे बघत होते ना, त्याने फार फरक पडला. बिलिंगच्या मुलीच्या पट्ट्यात फक्त वाट बघण्याच्याच चिठ्ठ्या होत्या. तिच्याकडे काम पोचायलाच दीड वाजायचा.

मूळ निघालं वॉर्डात. उरलेली औषधं परत करायचं काम आम्ही डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिल्यावर सुरू करायचो, खरं तर उद्या कोण घरी जाणार हे बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळच्या राउंडलाच ठरलेलं असतं. मग संध्याकाळीच यादी करायची, नको असलेली औषधं रात्रीच परत आणि डिस्चार्ज समरीचा कच्चा मसुदा पण रात्रीच, असं सुरू केलं. कॅशलेसवाल्यांचं आमच्या हातात नाही, पण २०२४ पासून विमा कंपनीने डिस्चार्जची अंतिम मंजुरी विनंती मिळाल्यापासून ३ तासांत द्यायची असा आयआरडीएआयचा (विमा नियामकाचा) नियम आहे. म्हणजे आमची विनंती दुपारी दोनला जाण्याऐवजी अकराला गेली तर पेशंट तीन तास आधी सुटतो, सरळ हिशोब.

सगळं गोड झालं असं नाही, सिनियर डॉक्टर राउंडला उशिरा आले की अजूनही सगळं कोसळतं आणि त्यांना भिंतीसमोर उभं करायची कोणाची हिंमत नाही. पण बिलिंगच्या मुलीशी आता आम्ही नीट बोलतो.

---

भोसरी_युनियन

मी कामगारांच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो, रागावू नका. व्हाय-व्हाय हे नाव ऐकलं की आमच्या लोकांच्या पोटात गोळा येतो. कारण आतापर्यंत त्या फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात काय लिहून आलंय? "ऑपरेटरला समज दिली", "ऑपरेटरला री-ट्रेनिंग दिलं". वर्षानुवर्षं हेच. त्यामुळे इंजिनिअरसाहेब, तुम्हाला खरं काढायचं असेल तर सुरू करायच्या आधी लेखी जाहीर करा की या वहीतून कोणालाही मेमो निघणार नाही, आणि मॅनेजरची सही घ्या त्यावर. सही मिळत नसेल तर करूच नका, एकदा विश्वास गेला की परत कोणी बोलणार नाही.

विचारताना "का केलंस?" असं तोंडावर विचारलं की माणूस बचाव करायला लागतो. "काय काय झालं ते पहिल्यापासून सांग, त्याआधी काय दिसलं, मग तू काय केलंस" असं विचारा, का-का तुम्ही नंतर कागदाला विचारा. फिशबोन काढाल तेव्हा मॅन (माणूस) नावाचं हाड सगळ्यात शेवटी घ्या, नाहीतर सगळ्या चिठ्ठ्या तिथेच पडतात, केअरलेस, आडमुठा, कामचुकार. नियम करा की चिठ्ठीवर तेच लिहायचं जे तिथे उभ्या असलेल्या कोणालाही डोळ्यांनी दिसलं असतं. "आडमुठा" दिसत नाही, "इन्स्पेक्टरने पीस न बघता परत पाठवला" हे दिसतं.

आणि कोण पर्मनंट, कोण कंत्राटी, हे पण त्या वहीत लिहा. ते तुमच्या फिशबोनच्या कुठल्याच हाडात बसत नाही. शेजारच्या मशीनवर तेच काम, पगारात केवढा फरक, आणि दुसऱ्याचं सेटिंग मात्र यानेच दुरुस्त करून द्यायचं, यातून जी धग असते ती एअर गेज लावून जाणार नाही. तशा तक्रारींना समोरासमोर बसायची जागा लागते. २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती कायद्यानेच असायला पाहिजे, मालक आणि कामगार दोघांचे सारखे प्रतिनिधी. तुमच्याकडे ती खरंच बसते का, की फक्त नोटीस बोर्डवर आहे ते बघा.

---

एचआर_नाशिक

फार चांगला धागा. एक गोष्ट पोटतिडकीने सांगते. प्रत्येक "भांडण" हे प्रोसेसचं नसतं, आणि जे नसतं ते या वहीत घालू नका. एखादी मुलगी म्हणते की अमुक माणसाबरोबर त्या शिफ्टला काम करणार नाही, तर त्याचा फिशबोन नाही काढायचा, आधी तिच्याशी सुरक्षित ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने बोलायचं. लैंगिक छळाची गोष्ट असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे जायचं, १० किंवा जास्त कर्मचारी असले की ती समिती लागतेच. तिथे सामोपचारसुद्धा फक्त तिने स्वतः मागितला तरच, आणि पैशाच्या देवाणघेवाणीवर तर तो करताच येत नाही. जातीवरून बोलणं, अंगावर हात टाकणं, हे सुद्धा तसंच. "सिस्टीमचा दोष" म्हणून अशा माणसाला मोकळं सोडलं तर जिला त्रास झाला तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होतो.

ओळखायची माझी साधी रीत: माणूस बदलल्यावर पण भांडण त्याच जागी राहत असेल तर प्रोसेस बघा. आणि एकच माणूस जिथे जाईल तिथे, वेगवेगळ्या कामात, वेगवेगळ्या लोकांना त्रास होत असेल तर त्या माणसाशीच बोला.

---

शॉपफ्लोअर_चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. वही सुरू केली, भोसरीवाल्या दादांचं ऐकून आधी मॅनेजरची सही घेतली, ते थोडे कुरकुरले पण दिली.

गेजवाल्या सरांनी सांगितलं तसंच निघालं, बहुतेक नोंदी शिफ्ट बदलायच्या आगेमागे, आणि मशीन पण थोडीच, बोअरिंगची. मी स्वतः अडीचपासून लाइनवर उभा राहिलो. एका मशीनच्या स्क्रीनवर वेअर ऑफसेट बघितलं तर खरंच ओढत ओढत नेलेलं होतं, ऑपरेटरला विचारलं (का न म्हणता!) तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आत्ता इन्सर्ट बदलला तर आकडा तुम्हीच विचारणार." यावर मी काय बोलणार.

आता अडलंय ते बसवर. फर्स्टची बस सुटते तीन दहाला, सेकंडची येते दोन पंचावन्नला, पंचिंग करून शूज घालून पोरं मशीनला पोचेपर्यंत आधीचा निघालेला असतो. दोघं समोरासमोर भेटतात ते फक्त गेटवर, आणि तिथे भांडणच होणार ना. बस ॲडमिनकडे, ॲडमिन म्हणतं रूट तीन कंपन्यांचा कॉमन आहे, बदलता येणार नाही. पंधरा मिनिटांचा ओव्हरलॅप (दोन्ही शिफ्ट एकाच वेळी हजर) मागू का?

---

भोसरी_युनियन

ओव्हरलॅप मागायच्या आधी कायदा बघा. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम ५८ होतं, एकाच प्रकारच्या कामाला एकाच वेळी दोन शिफ्टचे लोक लावायचे नाहीत, सूट घ्यायची तर परवानगी लागायची. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या सेफ्टी कोडमध्येही अशीच अट ठेवली आहे. फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे नीट विचारून घ्या. आणि पंधरा मिनिटं रोज थांबायला सांगणार असाल तर त्याचे पैसे द्या, "हँडओव्हर आहे, काम नाही" असं सांगू नका, आमचे लोक ते मानणार नाहीत.

---

गेजवाला

बसच्या मागे लागू नका आत्ता, ती साखळी लांब आहे आणि तुमच्या हातात नाही. आकडा तुमच्या हातात आहे, तिथून सुरू करा. टूल चेंजचा वेळ ऑपरेटरच्या आकड्यातून काढून वेगळ्या लॉस कोडला (मशीन का थांबलं त्या खात्याला) टाका, आणि इन्सर्ट काउंटरवर ठरलेल्या पीसला बदलायचा, शिफ्ट कुठलीही असो. रिजेक्शन शिफ्टच्या नावावर न टाकता मशीन आणि टूलच्या नावावर टाका.

हँडओव्हरसाठी मशीनलाच एक कार्ड लटकवा. शेवटचा इन्सर्ट कितव्या पीसला बदलला, आत्ता ऑफसेट किती आहे, काय त्रास देतंय, एवढ्या तीनच ओळी, जास्त केल्या की कोणी भरत नाही. आणि आधीच्या शिफ्टचा शेवटचा ओके पीस ट्रेमध्ये कार्डाखाली ठेवायचा. पुढचा आला की आधी तो पीस गेजला लावेल, मग मशीनचं दार उघडेल. कार्डाचा नमुना ऑपरेटरांकडूनच काढून घ्या, दोन्ही शिफ्टचा एकेक माणूस बसवून, आणि तो गेटवर पीस घेऊन गेलेला गडी त्यात घ्याच. त्याला त्या पीसबद्दल एवढी आच आहे की कार्डावर काय पाहिजे ते त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसणार.